हृदयाला लिहिते करणारा शास्त्रज्ञ : विलेम आइंटहोव्हेन

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत कळ येते, डॉक्टरांना बोलावणे जाते, आणि घटका दोन घटकांतच एका लांबट कागदावर उमटलेली वाकडीतिकडी रेषा साऱ्या घराच्या चिंतेचा विषय होऊन बसते. कार्डिओग्राम काढला काय, त्यात काय निघाले, हाच प्रश्न जो तो विचारू लागतो. त्या रेषेतील चढउतार आपणांस उमगत नाहीत. म्हणून आपण डॉक्टरांच्या मुद्रेवरूनच त्यांचा अर्थ लावू पाहतो. हृदयाविषयी कवींनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु हृदयाला स्वतःविषयी लिहावयास लावले ते एका डच शास्त्रज्ञाने. त्याचे नाव विलेम आइंटहोव्हेन.

या थोर पुरुषाचे चरित्र चिकाटीचे आहे, तसेच ते एका प्रश्नाचेही आहे. हृदय या क्षणी कसे चालले आहे, हे ती रेषा सांगते. परंतु हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाचे हृदय उद्या दगा देईल की नाही, हे ती आधी सांगू शकेल काय? आइंटहोव्हेन यांनी लेखणी तयार करून दिली. तिने लिहिलेल्या अक्षरांतून भविष्य वाचण्याचा प्रयत्न त्यांच्या मागून आलेल्या पिढ्या आजही करीत आहेत.

विलेम यांचा जन्म 21 मे 1860 रोजी जावा बेटावरील सेमारंग या गावी झाला. त्या वेळी ही बेटे हॉलंडच्या ताब्यात होती. वडील याकोब हे तेथे डॉक्टर होते. विलेम अवघा सहा वर्षांचा असताना पितृछत्र हरपले. सहा मुलांचा भार एकट्या आईवर पडला. ती माउली धीराची होती. 1870 साली ती मुलांना घेऊन हॉलंडला परतली आणि उट्रेख्ट या शहरी तिने बिऱ्हाड थाटले. दक्षिणेकडील उष्ण बेटावर वाढलेला दहा वर्षांचा मुलगा उत्तरेच्या थंडीत शाळेत जाऊ लागला.

वडिलांप्रमाणेच डॉक्टर होऊन पूर्वेकडील बेटांत नोकरी करावी, असा विलेमचा विचार होता आणि त्या दृष्टीनेच त्याने उट्रेख्ट विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. हा विद्यार्थी केवळ पुस्तकांतच डोके खुपसून बसणारा नव्हता. व्यायाम, तलवारीचे हात आणि नौका वल्हविणे यांचा त्याला मोठा नाद होता. विद्यार्थ्यांच्या व्यायाम मंडळाचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. एकदा खेळताना त्याचे मनगट मोडले आणि सक्तीने घरी बसण्याची पाळी आली. दुसरा एखादा नुसता कण्हत पडला असता. विलेमने मात्र आपल्याच दुखावलेल्या हाताकडे पाहून विचार सुरू केला, की तळहात वर आणि खाली वळतो तो कसा? कोपराचा सांधा त्यात कोणते काम करतो? या विचारातूनच त्याचा पहिला शास्त्रीय निबंध जन्मास आला.

उट्रेख्टला डोंडर्स हे डोळ्यांच्या शास्त्रातील विख्यात आचार्य त्याला गुरू म्हणून लाभले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने रंगभेदामुळे वस्तूंच्या दूरजवळपणाचा भास कसा होतो, या विषयावर प्रबंध लिहून 1885 साली डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच वर्षी लायडन विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि तिच्यावर अवघ्या पंचवीस वर्षांच्या आइंटहोव्हेन यांची निवड झाली. पूर्वेच्या बेटांकडे जाण्याचा बेत मागे पडला. पुढील सुमारे बेचाळीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, लायडनची प्रयोगशाळा हीच त्यांची कर्मभूमी झाली. 1886 साली त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली व एक मुलगा अशी चार अपत्ये होती.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांना ठाऊक झाले होते. परंतु उघड्या हृदयावर तारा ठेवून प्रयोग करणे बेडकाच्या बाबतीत शक्य असले, तरी जिवंत माणसाच्या बाबतीत ते कसे व्हावे? लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी 1887 साली ही अडचण दूर केली. मनुष्याच्या शरीराला बाहेरूनच तारा जोडून त्यांनी हृदयाच्या विजेचा आलेख मिळविला. 1889 साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तेथे वॉलर यांचे प्रात्यक्षिक आइंटहोव्हेन यांनी पाहिले आणि त्यांच्या आयुष्याला निश्चित दिशा लाभली.

त्याच 1889 साली स्कॉटलंडमध्ये मॅक्‌विल्यम नावाच्या दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने एक महत्त्वाचा विचार मांडला होता. माणसाला अकस्मात मृत्यू येतो तेव्हा हृदय नेहमी हळूहळू थंडावत जाऊन बंद पडते असे नाही. पुष्कळदा त्याच्या स्नायूंची एकजूट मोडते आणि ते नुसते थरथरत राहते, असे त्याचे म्हणणे होते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. रक्त फुप्फुसांत व साऱ्या शरीरात ढकलण्याचे काम त्यांचे. त्या जवनिकाच थरथरू लागल्या म्हणजे रक्त पुढे सरकत नाही आणि काही मिनिटांतच प्राण जातो. हा विचार बराच काळ दुर्लक्षित राहिला. त्याचा पडताळा पाहावयाचा, तर हृदयाची चाल जशीच्या तशी टिपणारे यंत्र हवे होते, आणि त्या वेळी ते कोणापाशीही नव्हते.

वॉलर यांनी वापरलेल्या उपकरणात केसासारखी बारीक काचेची नळी असे. तिच्यात पारा आणि पातळ केलेले गंधकाम्ल असे. विजेचा दाब बदलला की पाऱ्याची पातळी हले आणि तिच्या सावलीचे छायाचित्र घेतले जाई. पण पारा जड. हृदयाची वीज तर क्षणात बदलणारी. ती पुढे निघून जाई आणि पारा मागे रेंगाळत राही. त्यामुळे उमटलेली रेषा खरी नसे, ती केवळ सत्याची पुसट छाया असे.

येथेच आइंटहोव्हेन यांच्या स्वभावाचे खरे दर्शन घडते. मिळाले त्यावर समाधान मानणे त्यांना ठाऊक नव्हते. पारा किती मागे पडतो याचे त्यांनी बारकाईने मापन केले आणि गणिताच्या साहाय्याने ती चूक काढून टाकून मूळ रेषा कशी असली पाहिजे हे शोधले. 1895 साली त्यांनी ही सुधारलेली आकृती प्रसिद्ध केली आणि तिच्यातील पाच चढउतारांना पी, क्यू, आर, एस आणि टी अशी नावे दिली. तीच नावे आज जगातील प्रत्येक रुग्णालयात चालतात. परंतु प्रत्येक आलेखासाठी इतके गणित करीत बसणे हे रोग्याच्या उपयोगी पडणारे नव्हते. तेव्हा चूक दुरुस्त करण्याऐवजी चूकच न करणारे यंत्र निर्माण करावे, असा त्यांनी निश्चय केला.

वीज वाहणारी तार चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवली असता ती बाजूला ढकलली जाते, हा नियम विद्यार्थ्यांना परिचित आहे. आइंटहोव्हेन यांनी या साध्या नियमाचा आश्रय घेतला. जड वेटोळ्याऐवजी त्यांनी एकच तंतू वापरण्याचे ठरविले, आणि तोही असा, की ज्याला जवळजवळ वजनच नसावे. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. तो वितळवून बाणाला चिकटवावयाचा आणि धनुष्याने तो बाण सोडून द्यावयाचा! बाणामागे ताणला जाणारा वितळलेला स्फटिक वाटेतच थिजून डोळ्यांना जेमतेम दिसणारा तंतू तयार होई. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजारांश एवढीच असे. वीज वाहावी म्हणून त्यावर चांदीचा मुलामा देत. हा तंतू प्रचंड विद्युत्चुंबकाच्या मध्ये ताणून बसविला जाई. हृदयाचा प्रवाह त्यातून जाऊ लागला की तो किंचित थरके. त्याची सूक्ष्मदर्शकाने मोठी केलेली सावली सरकत्या छायाचित्रपट्टीवर पडे, आणि हृदय आपली हकीकत स्वतःच्या हाताने लिहू लागे.

हे तंतू-गॅल्व्हनोमीटर यंत्र त्यांनी 1901 साली विद्वानांपुढे मांडले. त्याचे रूप पाहिले असते तर आजच्या मुलांना हसू आले असते. यंत्राचे वजन सुमारे 270 किलो. ते मांडावयास दोन खोल्या लागत आणि चालवावयास पाच माणसे. चुंबक तापू नये म्हणून त्याला सतत पाण्याने थंड ठेवावे लागे. ज्याचा आलेख घ्यावयाचा तो मनुष्य दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून मुकाट्याने बसे. परंतु त्या अवजड यंत्राने काढलेली रेषा इतकी शुद्ध होती, की गणिताने शोधलेल्या आकृतीशी ती तंतोतंत जुळली. सहा वर्षांपूर्वी कागदावर केलेले अनुमान प्रत्यक्ष हृदयाने खरे ठरविले. शास्त्रज्ञाला याहून मोठे बक्षीस कोणते?

एवढे मोठे यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य आणि अत्यवस्थ रोग्याला प्रयोगशाळेत आणणे धोक्याचे. आइंटहोव्हेन यांनी यावरही तोड काढली. लायडनचे रुग्णालय आणि त्यांची प्रयोगशाळा यांत सुमारे दीड किलोमीटरचे अंतर होते. मार्च 1905 मध्ये त्यांनी टेलिफोनच्या तारेने ही दोन ठिकाणे जोडली. रोगी तिकडे खाटेवर आणि त्याच्या हृदयाची रेषा इकडे प्रयोगशाळेत! 1906 साली त्यांनी या आलेखांचे वर्णन प्रसिद्ध केले. निरोगी हृदयाबरोबरच बिघडलेल्या हृदयांच्या रेषाही त्यात होत्या. काही ठिकाणी जवनिकांचा एखादा ठोका आपली पाळी येण्यापूर्वीच अवेळी पडलेला दिसत होता. तो अवेळी ठोका पुढे साठ वर्षांनी जगभरच्या डॉक्टरांची झोप उडविणार आहे, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानात येणे शक्य नव्हते.

नव्या शोधाचे स्वागत सर्वत्र एकसारखे झाले नाही. खुद्द वॉलर यांनाही 1911 साली असे वाटत होते, की रुग्णालयांत या आलेखांचा फारसा उपयोग होणार नाही. परंतु लंडनचे तरुण डॉक्टर टॉमस लुइस यांनी हे यंत्र हाती घेतले आणि अनियमित नाडीच्या कितीतरी रोग्यांचे आलेख काढून हृदयाच्या चुकलेल्या तालांचे एक शास्त्रच उभे केले. इंग्लंडमधील केंब्रिज येथील उपकरणे बनविणाऱ्या कंपनीने यंत्राचा आकार हळूहळू आटोपशीर केला. आइंटहोव्हेन यांनीही दोन हात व डावा पाय यांचा एक त्रिकोण कल्पून तीन बाजूंनी घेतलेल्या आलेखांचा परस्परांशी मेळ कसा बसतो ते दाखविले. आजही तो त्रिकोण त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

1924 साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वार्ता आली तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. पारितोषिकाच्या निमित्ताने 1925 साली दिलेल्या भाषणात त्यांनी लुइस यांच्या कार्याचा मुक्तकंठाने गौरव केला आणि त्यांच्या परिश्रमांवाचून आपणांस हा मान मिळाला असता की नाही, याविषयी शंका व्यक्त केली. त्यांच्या उदारपणाची आणखी एक आठवण सांगितली जाते. यंत्र घडविताना साहाय्य करणारा प्रयोगशाळेतील एक जुना कारागीर त्या वेळी हयात नव्हता. त्याच्या दोन बहिणी गरिबीत दिवस कंठीत आहेत असे समजताच आइंटहोव्हेन यांनी पारितोषिकाच्या रकमेतील अर्धा वाटा त्यांना दिला.

त्यांचा मुलगा विलेम हा विद्युत्अभियंता झाला. त्याने वडिलांच्या यंत्रात सुधारणा केल्या आणि पुढे जावा बेटावर, म्हणजे वडिलांच्या जन्मभूमीतच, बांडुंग येथील रेडिओ प्रयोगशाळेचे प्रमुखपद सांभाळले. दीर्घ आजारानंतर 29 सप्टेंबर 1927 रोजी लायडन येथे आइंटहोव्हेन यांनी देह ठेवला.

येथे त्यांचे चरित्र संपते, पण त्यांच्या रेषेचे चरित्र संपत नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. 1920 साली अमेरिकेतील पार्डी यांनी अशा झटक्याची विशिष्ट खूण आलेखात दाखवून दिली. मॅक्‌विल्यम यांनी सांगितलेली ती घातक थरथरही आता कागदावर टिपता येऊ लागली. झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत तिचा धोका सर्वांत अधिक असतो. पुढे मृत स्नायूच्या जागी वण तयार होतो आणि त्याच्या कडेने वीज भलत्याच वाटेने फिरू लागण्याचा संभव उरतो. म्हणून 1960 नंतर रुग्णालयांत अशा रोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष निघाले. तेथे रेषेवर अहोरात्र नजर ठेवली जाई आणि थरथर सुरू होताच विजेचा झटका देऊन हृदयाला ताळ्यावर आणले जाई. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी चालत्याबोलत्या माणसाचा आलेख घेण्याची युक्ती काढली. आरंभी पाठीवर वाहावयाचे त्यांचे यंत्र सुमारे 38 किलोचे होते. पुढे ते खिशात मावण्याजोगे झाले.

आता डॉक्टरांनी दिवसभराचे आलेख तपासले. झटक्यातून उठलेल्या ज्या रोग्यांच्या रेषेत जवनिकांचे अवेळी ठोके पुष्कळ दिसत, त्यांच्यात अकस्मात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. मग विचार सरळ होता : अवेळी ठोके औषधाने बंद करावेत, म्हणजे मृत्यूही टळेल. तशी औषधे निघाली आणि हजारो रोग्यांना दिली गेली. आलेख स्वच्छ दिसू लागले. परंतु अमेरिकेत या समजुतीची कसोशीने परीक्षा घेण्यात आली, तेव्हा सारेच थक्क झाले. सुमारे दीड हजार रोग्यांपैकी निम्म्यांना खरी औषधे आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली होती. सरासरी दहा महिन्यांत निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांपैकी 26 दगावले, तर औषधे घेणाऱ्यांपैकी 63. रेषा सुधारली होती, पण माणसे गेली होती! 1989 साली या औषधांची चाचणी थांबविण्यात आली. खूण पुसली म्हणजे संकट टळले असे नव्हे, हा धडा वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन घेतला.

तरीही रेषेत आणखी काही दडले आहे काय, याचा शोध चालूच राहिला. निरोगी हृदय घड्याळासारखे काटेकोर चालत नाही. श्वासाबरोबर, हालचालीबरोबर दोन ठोक्यांतील अंतर सतत थोडेथोडे बदलते. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटक्यातून वाचलेल्या 808 रोग्यांचे दिवसभराचे आलेख तपासले गेले. ज्यांच्या हृदयाची ही लवचिकता फार कमी झाली होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका ती चांगली असलेल्यांच्या सुमारे पाचपट होता. म्हणजे अतिनियमित चाल हीच धोक्याची सूचना ठरली. परंतु ही सूचना रोग्यांच्या समूहाविषयी असते. समोरच्या एका माणसाचे काय होणार, हे ती खात्रीने सांगत नाही.

1980 साली बाल्टिमोर येथे मिरोव्स्की यांचे उपकरण प्रथमच एका रोग्याच्या शरीरात बसविण्यात आले. ते हृदयाची रेषा आतूनच वाचते आणि घातक थरथर दिसताच स्वतः विजेचा झटका देते. हे उपकरण कोणाला बसवावे, हा प्रश्न पुन्हा भविष्य ओळखण्याचाच होता. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेले आणि हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती फार घटलेले 1232 रोगी निवडले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी शेकडा 19.8 दगावले, ज्यांना हे उपकरणही बसविले त्यांच्यापैकी शेकडा 14.2. लाभ निःसंशय होता. तथापि उपकरण बसविलेल्या कित्येकांना त्याची कधीच गरज पडत नाही, आणि ज्यांचे हृदय बऱ्यापैकी सशक्त वाटते अशांनाही कधी कधी अकस्मात मृत्यू गाठतो. आज गणकयंत्रे लक्षावधी आलेखांतून मनुष्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा शोधीत आहेत. पण त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अद्याप कोणाच्याही हाती आलेले नाही.

विद्यार्थिमित्रहो, आइंटहोव्हेन यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध काय? पाऱ्याची रेषा दिसावयास चांगली होती. पण ती खरी नाही हे ओळखण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता, आणि खरी रेषा मिळेपर्यंत वर्षानुवर्षे खपण्याची चिकाटीही होती. ज्या दिवशी डॉक्टरांनी रेषा सुधारली यावरच समाधान मानले, त्या दिवशी त्यांची फसगत झाली. ज्या दिवशी त्यांनी आपल्याच समजुतीला कसोटीवर घासले, त्या दिवशी पुढची माणसे वाचली. आपल्या गणिताच्या वहीतही असे प्रसंग येतात. उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळते, पण रीत चुकलेली असते. अशा वेळी वही मिटून टाकणे सोपे असते. ती पुन्हा उघडून चूक कोठे झाली ते पाहणारा विद्यार्थी आइंटहोव्हेन यांच्याच वाटेने चालला आहे. हृदयाची लिपी अद्याप पुरती वाचून झालेली नाही. ती वाचणारा कदाचित आज एखाद्या शाळेच्या बाकावर बसलेला असेल.